पाहुणा देव असला तरी

परगावच्या, परदेशच्या माणसाला आपल्या रीती सांगाव्यात का, असा विषय निघाला की तीन ठरीव उत्तरे मिळतात. पाहुणा देव, त्याला नियम कसले? नियम सांगितले तर माणसे यायची थांबतील. आणि रीतिरिवाज म्हणजे शेवटी सोवळेओवळेच. ते बुडाले तर बरेच. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून लांबलांबची माणसे येतात. तेव्हा या गावापुरती तरी ही तिन्ही उत्तरे तपासून घ्यावीत.

पाहुण्याला देव माना, हे वचन तैत्तिरीय उपनिषदातले. अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला गुरू ते सांगतात. म्हणजे ते यजमानाचे कर्तव्य झाले, पाहुण्याचा हक्क नव्हे. तुर्कस्तानातही अवचित दारी आलेल्या अनोळखी माणसाला देवाचा पाहुणा म्हणतात. तरी त्या पाहुण्याला उंबऱ्याशी जोडे काढावेच लागतात. चहाचे पेले पुन्हा पुन्हा भरले जातात. पुरे झाले की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. देवपण मिळाले म्हणून रीत सुटत नाही.

खुद्द जांबेच्या सुपुत्राचे मत काय होते? देशभर हिंडलेल्या रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात उत्तम लक्षणांचा अख्खा समास लिहिला. वाट विचारून घ्यावी, न ओळखलेले फळ खाऊ नये, पडलेली वस्तू एकाएकी उचलू नये, अशा साध्या सूचनांनीच तो सुरू होतो. वाटसरूलाच हे आधी उपयोगी पडणार. ज्यांनी शहाण्याला वागणूक शिकवण्यात कमीपणा मानला नाही, त्यांच्या गावाने पाहुण्याला चार गोष्टी सांगताना का संकोचावे?

नियमांनी माणसे बिचकतात, हे दुसरे उत्तर अनुभवाला उतरत नाही. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत घेत नाहीत. बायकांनी डोके झाकायचे, पुरुषांनी आखूड चड्डी घालून यायचे नाही. तरीही २०२४ साली तुर्कस्तानात ५ कोटींहून अधिक परदेशी पाहुणे गेले. माणूस बिचकतो तो न सांगितलेल्या नियमाला: आत गेल्यावर सगळे आपल्याकडे का पाहताहेत, हे त्याला कळत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबेच्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या; पोलिसांनी पुढे त्या शोधून काढल्या. असा घाव बसलेल्या गावात अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिले गेले तर नवल नाही. पण कॅमेरा कुठवर न्यायचा हे दारातच सांगितलेले असेल, तर सरळ माणसाला त्या संशयाचा जाच होत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. रीतीच्या नावाखाली आपण माणसे दाराबाहेर ठेवली. म्हणून कसोटी एकच हवी: कोणालाही पाळता येईल तो शिष्टाचार, जन्म विचारील तो अन्याय. चपला काढता येतात, डोके झाकता येते. जात बदलता येत नाही. पैसे मोजून दर्शनाची पायरी ठरवणारा नियमही मला शिष्टाचार वाटत नाही. जानेवारी २०२४ पासून इस्तंबूलच्याच आयासोफिया मशिदीत परदेशी पर्यटकांना वेगळ्या वाटेने, २५ युरोंचे तिकीट काढून वरच्या सज्जात जावे लागते. ती व्यवस्था असेल. तिला अदब म्हणू नये.

मग सांगायचे काय? गाभाऱ्यात आणि माणसांवर कॅमेरा धरण्याआधी विचारावे. पंगतीत श्लोक होईपर्यंत हात आवरावा, पानात हवे तेवढेच घ्यावे. घरात पुढे आलेले पाणी घोटभर तरी प्यावे आणि उरलेले फेकू नये; मराठवाड्यात उन्हाळ्यात पाण्याची किंमत काय असते, हे पाहुण्याला कसे कळणार? आणि यजमानांसाठीही एक कलम हवे: आधी सांगितले नसेल, तर नंतर रागवायचे नाही, हसायचेही नाही. एवढा मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मंदिराच्या दारी सुवाच्य लिहावा. पाहुण्याला रीत सांगणे म्हणजे त्याला शहाणा समजणे. न सांगता सांभाळून घेणे म्हणजे त्याला कायमचा परका ठेवणे.