निवड गुणांची, की जागांची?

अमेरिकेतील हायस्कुलांमध्ये, म्हणजे तेथील नववी ते बारावीच्या वर्गांमध्ये, शालेय खेळांतील सहभागाची नोंद २०२३-२४ या वर्षी प्रथमच ८० लाखांच्या पुढे गेली. दोन खेळ खेळणारा विद्यार्थी या नोंदीत दोनदा मोजला जातो हे लक्षात घेतले, तरी पसारा लहान ठरत नाही. या पसाऱ्यात प्रत्येक हंगामाच्या तोंडावर घरोघरी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे शाळेच्या संघात जागा मिळेल का? त्याचे उत्तर मुलाच्या अंगच्या गुणांवर ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात खेळ कोणता, शाळेचा पट किती आणि भरावयाच्या जागा किती, या तीन गोष्टींनी ते उत्तर बरेचसे आधीच ठरवून टाकलेले असते.

तेथील शाळेच्या मुख्य संघाला ‘व्हार्सिटी’ म्हणतात, त्याखालच्या दुय्यम संघाला ‘ज्युनिअर व्हार्सिटी’, आणि मोठ्या शाळांत नववीतील मुलांचा वेगळा तिसरा संघही असतो. हंगामाच्या आरंभी काही दिवस चालणाऱ्या निवडचाचणीला ‘ट्रायआउट’ हे नाव आहे, आणि अंतिम यादीत ज्याचे नाव येत नाही तो त्या हंगामापुरता ‘कट’ झाला असे म्हटले जाते. हा कट सर्वांत निर्दय असतो तो बास्केटबॉलमध्ये. मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू, राखीव धरून संघात साधारण बारा ते पंधरा, आणि खेळ मात्र असा की एक चेंडू व घराबाहेर लावलेली एक रिंग एवढ्यावर कोणत्याही मुलाला तो लहानपणापासून खेळता येतो; त्यामुळे उमेदवार भरपूर आणि जागा मोजक्या, हे गणित जवळजवळ प्रत्येक मोठ्या शाळेत आढळते.

फुटबॉलचे, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलचे, गणित याच्या उलट आहे. मैदानावर अकरा जण उतरत असले तरी चढाईची फळी वेगळी, बचावाची वेगळी आणि चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगी उतरणारी तिसरीच असते. शिवाय दुखापती होतच राहतात. त्यामुळे पुष्कळ शाळांत कडक उन्हाळ्यातला सराव सोसून जो टिकेल त्याला संघात ठेवले जाते आणि गळती आपोआप होते. येथे संघाचा पोशाख मिळणे तुलनेने सोपे असते, प्रत्यक्ष सामन्यात उतरायला मिळणे मात्र कठीण. क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानावरची लांब पल्ल्याची धाव, आणखी उदार आहे: मुख्य शर्यतीत शाळेचे सात धावपटू असतात व पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज धरली जाते, पण उरलेल्यांना बहुधा दुय्यम शर्यतीत धावता येते. आणखी एक मुलगा धावल्याने कोणाचे मैदान अडत नाही की चेंडू कमी पडत नाही, म्हणून कोणाला वगळण्याची गरजही सहसा पडत नाही.

कुस्तीतील निवड सर्वांत उघड असते. राज्यागणिक बारा ते चौदा वजनगट असतात आणि प्रत्येक गटात शाळेचा एकच मल्ल उतरतो. एका गटात दोन दावेदार असले तर प्रशिक्षकाच्या मर्जीवर विसंबावे लागत नाही. सरावाच्या गादीवर दोघांची आपसांत कुस्ती लावली जाते आणि जिंकणारा शाळेतर्फे उतरतो. हरणाऱ्यापुढे वजन घटवून खालच्या गटात जाणे, वरच्या गटात जडांशी झुंजणे किंवा दुय्यम लढतींत खेळून पुढच्या हंगामाची वाट पाहणे, एवढेच मार्ग राहतात. निकाल निर्विवाद असला, तरी शेजारच्या गटात दुर्बळ मल्लालाही बिनविरोध जागा मिळालेली असू शकते, हे येथेही विसरता येत नाही.

टेनिसमध्ये जागांची टंचाई आणि कुटुंबाची ऐपत यांची गाठ पडते. न्यू जर्सीत शालेय सामना तीन एकेरी व दोन दुहेरी लढतींचा असतो, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात सातच जागा. एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या गावांत, जेथे मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत, या सात जागांसाठी येणारी मुले अनेकदा वर्षानुवर्षे खासगी शिकवणी घेतलेली असतात. मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये खर्चिक क्लबांतून खेळलेल्या मुली असाच वरचढपणा घेऊन येतात. अशा ठिकाणी शाळेची चाचणी गुण शोधत नाही, आधी झालेल्या खर्चावर शिक्का मारते.

पटाचा परिणाम तर याहूनही ठळक आहे. टेक्सासमधील ॲलन येथील हायस्कूलचा पट पाच हजारांहून अधिक आहे आणि त्याच्या फुटबॉलसाठी २०१२ साली सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. त्याच राज्याच्या ग्रामीण भागात इतक्या छोट्या शाळा आहेत की त्या सहा-सहा जणांचे फुटबॉल खेळतात. हा प्रकार १९३४ साली नेब्रास्कातील स्टीफन एप्लर या शिक्षकाने लहान शाळांसाठीच काढला. एकाच वकुबाचा मुलगा पहिल्या शाळेत यादीबाहेर राहील आणि दुसऱ्या शाळेत संघाचा आधारस्तंभ ठरेल.

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. १९७८ साली नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीत असताना त्याला मुख्य संघात घेतले नाही आणि त्याच्याच वर्गातील, सहा फूट सात इंच उंचीच्या लेरॉय स्मिथला घेतले, कारण संघाला उंच खेळाडू हवा होता. परंतु जॉर्डन घरी बसला नाही. त्याला ज्युनिअर व्हार्सिटीत जागा मिळाली आणि पूर्ण हंगाम खेळायला मिळाला. या कथेतून जिद्दीचा धडा काढला जातो, तसा दुय्यम संघाच्या मोलाचाही काढायला हवा. मुलींच्या बाबतीत तोच धडा देशव्यापी प्रमाणावर मिळाला. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ साली झाला, तेव्हा शालेय खेळांत मुलींची नोंद २ लाख ९४ हजारांच्या आसपास होती; आज ती ३४ लाखांहून अधिक आहे. मुलींच्या अंगात गुण एकाएकी अवतरले नाहीत, त्यांच्यासाठी जागा निर्माण झाल्या.

आपल्याकडे महाराष्ट्रात मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील हॅरिस आणि गाइल्स ढालींची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि शासनाच्या शालेय स्पर्धाही तालुक्यापासून राज्यापर्यंत भरतात. पण बहुतेक शाळांत एका खेळाचा, एका वयोगटाचा एकच संघ निघतो आणि त्यातून वगळलेल्या मुलाला शाळेच्या नावाने सामना खेळण्याची दुसरी वाट उरत नाही. स्टेडियमे बांधणे प्रत्येक शाळेला परवडणार नाही. शेजारच्या चार शाळांनी मिळून ‘ब’ संघांचे कबड्डी, खो-खोचे सामने शनिवारी भरवणे मात्र सहज परवडेल. पालकांनीही शाळेने किती ढाली जिंकल्या हे विचारण्याआधी, गेल्या वर्षी शाळेतर्फे किती मुलामुलींनी निदान एक सामना खेळला, हे विचारावे.