सरळ झालेला पाय आणि खाली आलेली वाटी

गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजून ज्यांचा पाय बाहेर वाकला आहे, परंतु वय व उद्योग पाहता कृत्रिम सांधा बसविण्याची घाई ज्यांच्या बाबतीत इष्ट नाही, अशांच्या नडगीचे हाड सांध्याखाली कापून शरीराचा भार झिजलेल्या बाजूवरून धड बाजूकडे वळविण्याची जी शस्त्रक्रिया अस्थिशल्यज्ञ करतात, तिची उपयुक्तता मला मान्य आहे. तक्रार आहे ती तिचे यश केवळ पायाच्या सरळपणावरून ठरविण्याच्या रिवाजाबद्दल. समोरून घेतलेले क्ष-किरण चित्र रुग्णाला कौतुकाने दाखविले जाते; बाजूने घेतलेले पुष्कळदा लखोट्यातच राहते, आणि वाटीची हकीकत नेमकी त्यातच असते.

वाटीच्या खालच्या टोकापासून निघालेली जाड कंडरा नडगीच्या पुढील उंचवट्यावर जखडलेली असते. हल्ली प्रचलित असलेल्या पद्धतीत हाड आतल्या बाजूने, त्या उंचवट्याच्या वर कापून तेथे पाचरीच्या आकाराची फट उघडतात व धातूच्या पट्टीने ती कायम करतात. त्यामुळे उंचवटा सांध्यापासून दूर जातो, कंडरा काही लांबत नाही, आणि वाटी खाली ओढली जाते. 1965 मध्ये मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी वर्णिलेल्या जुन्या पद्धतीत बाहेरच्या बाजूने हाडाची पाचरच काढून टाकीत, तेव्हा हिशेबाने वाटी वर सरकावयास हवी होती. पण पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिल्याने कंडरा आक्रसे आणि वाटी तरीही खाली येई.

मोजमापातही फसगत आहे. 1971 पासून रूढ असलेले इन्सॉल-साल्वाती गुणोत्तर कंडरेची लांबी वाटीच्या लांबीशी ताडते, आणि नव्या पद्धतीत सहसा दोहोंपैकी काहीच बदलत नसल्याने वाटी उतरली तरी दप्तरी सारे आलबेल दिसते. सांध्याच्या कडेपासून मोजणारे काटाँ-देशाँ गुणोत्तर मात्र ही तफावत पकडते: समजा, वाटीचा कूर्चायुक्त पृष्ठभाग 30 मिलिमीटर आणि त्याच्या खालच्या कडेपासून नडगीच्या माथ्यापर्यंतचे अंतर 27 मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर 0.9, वाटी 6 मिलिमीटर उतरली की ते 0.7, आणि 0.6 ही तर सरहद्दच मानली जाते.

वाटी उतरलेल्या प्रत्येकाला दुखतेच असे नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्याची वाटी मुळातच खाली आहे किंवा वाटीमागची कूर्चा आधीच झिजलेली आहे, आणि ज्याला खुरपणीसाठी उकिडवे बसणे चुकत नाही, त्याच्या बाबतीत ही बाब किरकोळ ठरत नाही. शिवाय पुढे कृत्रिम सांधा बसविण्याची वेळ आली, तर खाली आलेली वाटी बाजूस सारून सांधा उघडणे शल्यज्ञालाच जड जाते. यावर तजवीज आहे: उंचवट्यामागचा छेद वर न नेता खाली नेऊन उंचवटा हाडाच्या वरच्या तुकड्यासच राखला, तर वाटी बहुतांशी जागेवर राहते. उंचवट्याचे हाड मोडण्याचा धोका त्यात आहे, म्हणून सरसकट आग्रह नको. पण मोठी सुधारणा करावयाची असता या पर्यायाचा विचारही न होणे मला गैर वाटते.

तेव्हा ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया व्हावयाची आहे त्यांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी वाटीचे काय होणार, याचा खुलासा मागावा, आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे, बाजूने घेतलेले चित्र आपल्या फायलीत जपून ठेवावे.