घरांतील चार गोष्टी : मोटारीचा पट्टा

गेल्या चैत्रांत घडलेली गोष्ट. आम्ही सर्व मंडळी देवदर्शनास निघालों असतां आमच्या वहिनी मोटारींत मागें बसल्या. परंतु सीटबेल्ट बांधावयास कांहीं केल्या राजी होईनात. "भावोजी, या मळकट पट्ट्यानें माझें लुगडें खराब होईल," असें त्या म्हणाल्या. आम्हीं पट्टा निरखून पाहिला, तों तक्रार रास्त होती. घाम, तेल व मुलांचा खाऊ यांचा थरच त्यावर चढला होता. मळका पट्टा कोणी बांधीत नाहीं, आणि न बांधलेला पट्टा असून नसल्यासारखाच!

घरीं परततांच आमचा पुतण्या ब्लीचिंग पावडरीचें पाणी घेऊन निघाला. त्याचा उत्साह स्तुत्य, उपाय मात्र घातक. हा पट्टा पॉलिएस्टरच्या धाग्यांनीं घट्ट विणलेला असतो. ब्लीचनें धागा दुबळा होतो. पट्टा वरून निर्मळ दिसला तरी ऐन अपघाताच्या वेळीं दगा देण्याचा संभव असतो.

यास्तव रीत अशी : पट्टा पूर्ण बाहेर ओढावा व तो परत आंत जाऊं नये म्हणून गुंडाळीच्या तोंडाशीं चिमटा लावावा. कोमट पाण्यांत सौम्य साबण विरघळवून, मऊ ब्रश त्यांत बुडवून झटकावा व पट्ट्याच्या लांबीच्या दिशेनें हलकेंच घासावें. मग ओल्या स्वच्छ फडक्यानें साबण पुसून काढावा. गुंडाळींत वा बकलांत पाणी जाऊं देऊं नये; तेलही सोडूं नये. पट्टा सोडवून धुण्याचा मोह तर टाळावाच. कारण कित्येक गाड्यांत अपघाताच्या क्षणीं तो ताणून धरण्यासाठीं लहानसें स्फोटक बसविलेलें असतें. शेवटीं सावलींत दारें उघडीं ठेवून पट्टा पूर्ण वाळूं द्यावा. ओला आंत गेल्यास बुरशी धरते.

पुसतांना पट्टा बोटांनीं चांचपावा. कडा उसवल्या असतील, चीर गेली असेल अथवा गाडीस मोठा अपघात झाला असेल, तर पट्टा जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा. घरीं टांके घालूं नयेत.

कमर व खांदा दोन्ही धरणारा हा पट्टा नील्स बोलिन यांनीं १९५९ सालीं स्वीडनच्या व्होल्वो कंपनींत सिद्ध केला. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानें तो न बांधणारास १००० रुपये दंड आहे.

पुढल्या गुरुवारीं वहिनी गाडींत बसल्या, पट्टा नाकाशीं धरून पाहिला आणि मुकाट्यानें बांधला. आम्हांस एवढें प्रशस्तिपत्र पुरे आहे.