ही ‘उन्हाळी’ नव्हे, मूत्राशयाचा दाह!

स्वच्छतागृह मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १५ जानेवारी २०२५ रोजी म्हटलं. देशातल्या सगळ्या न्यायालयांत महिलांसाठीही वेगळी स्वच्छतागृहं हवीत, असा तो निकाल. त्याआधी ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना असेच आदेश दिले होते. पण मैत्रिणींनो, तालुक्याच्या बाजारात नि एसटी स्टँडवर आपली अडचण किती मिटली?

अडचण आली की आपण काय करतो? घरून निघताना पाणीच पीत नाही आणि लघवी रोखून धरतो. खरं तर लघवीबरोबर जंतू वाहून जातात. ती तासन् तास साठली की जंतूंना वाढायला सवड मिळते. त्यात बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. आतड्यातले जंतू मूत्राशयापर्यंत चटकन पोचतात.

मग लघवीला आग होते. पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं, पण होते थोडीशीच. ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ, उग्र वासाची किंवा लालसर दिसते. ‘उष्णता झाली, उन्हाळी लागली’ म्हणून आपण धन्याचं पाणी पितो. ते प्यायला हरकत नाही, पण त्यानं जंतू मरत नाहीत. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून लघवी तपासून घ्यावी. मेडिकलमधून शेजारणीच्या गोळ्या आणू नयेत आणि बरं वाटलं म्हणून आपल्या अर्ध्यावर सोडू नयेत. अशानं जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

थंडी वाजून ताप, उलट्या, बरगडीखाली पाठीत दुखणं ही मूत्रपिंडापर्यंत लागण पोचल्याची खूण. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईनं आणि मधुमेह असलेलीनं तर साध्या जळजळीलाही थांबू नये. अंगावरून पांढरं जाणं किंवा खाज असेल तर दुखणं वेगळं असू शकतं, तेही न लाजता सांगावं.

पाणी प्या, लघवी रोखू नका, हे सांगणं सोपं. पण जायला जागा तर हवी! आपल्या राज्यात नगरपालिकांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. बाजारात पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह कधी होणार, हे आपल्या नगरसेविकेला विचारायलाच हवं. हे दुखणं फक्त गोळ्यांनी संपणारं नाही.