मूल शिकेल, पण बसेल कोठे?

मुलाला शौचाची सवय लावणे ही आईने घरातल्या घरात उरकावयाची बाब आहे, असे सर्रास मानले जाते. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात तरी हा समज तपासून पाहावयास हवा.

जुन्या पिढीच्या आया पाय लांब करून बसत, तान्ह्याला दोन्ही पावलांवर बसवीत आणि तोंडाने ‘शूऽ शूऽ’ करीत. त्यामुळे बाळाला वेळेची व आवाजाची सवय होई. मलमूत्रावरील खरा ताबा मात्र साधारणतः दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतो. तोवर धाक घालून उपयोग नसतो. धाकाने मूल शौच रोखून धरते, मळ कडक होतो, पुढच्या वेळी दुखते आणि मूल अधिकच टाळू लागते. खाणे झाल्यावर काही मिनिटे भांड्यावर बसवावे. झाले तर कौतुक करावे, न झाले तर रागावू नये.

परंतु यासाठी जागा, पाणी आणि सवड लागते. यंत्रमाग कामगारांच्या कित्येक कुटुंबांचा संसार एका खोलीत चालतो. मागावरची पाळी बारा तासांची आणि शौचकूप अनेक बिऱ्हाडांत मिळून. तेथील अंधार, रांग आणि मोठ्यांच्या मापाचे भांडे यांना दोन वर्षांचे मूल भिते, यात नवल नाही. मग ते गटाराच्या कडेला बसते. ‘लेकराच्या विष्ठेत कसली आली घाण?’ ही समजूत त्यास हातभार लावते. वस्तुतः अतिसार व कावीळ यांचे जंतू मुलांच्या विष्ठेतूनही पसरतात. घरचे भांडे गटारात रिते केले, तरी परिणाम तोच.

उपाय नाही असे नाही. पुण्यात १९९९ नंतर महापालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या साह्याने वस्त्यांत सामुदायिक शौचालये उभारली. त्यांपैकी काहींत मुलांसाठी लहान मापाची स्वतंत्र सोय केली. भिवंडी-निजामपूर नगरपालिकेची महानगरपालिका २००१ साली झाली. तिनेही प्रत्येक सार्वजनिक शौचालयात मुलांसाठी अशी जागा, पाणी आणि दिवा द्यावा. पैशांची अडचण सांगितली जाईल. पण आजारी मुलाच्या औषधाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कामगाराचे कुटुंब आजही सोसतेच आहे. ही सोय होईपर्यंत आईला शिस्तीचे धडे देण्याचा अधिकार नगराला पोहोचत नाही.