पडलेला प्लग

गेल्या उन्हाळी सुट्टीतली गोष्ट. एका रविवारी मी आणि माझ्या मुलाने घरच्या गाडीची सर्व्हिसिंग घरीच करायची ठरवली. गाडी दहा-बारा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून त्याला हुरूप आला होता. मलाही वाटलं, चार पैसे वाचतील आणि पोराच्या हाताला काहीतरी वळण लागेल. कामं वाटून घेतली. एअर फिल्टर बदलणं आणि थ्रॉटल बॉडी पुसून साफ करणं त्याच्याकडे, चार स्पार्क प्लग बदलणं माझ्याकडे.

दुपारी गाडी सुरू केली आणि स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरू लागलं. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी उचलेना. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. सकाळपर्यंत हीच गाडी ठीक चालत होती. दुसऱ्या दिवशी अम्मीला मिरजेला न्यायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीची तारीख होती.

माझा पारा चढला. "तो स्प्रे कुठे कुठे मारलास? सेन्सर बिघडवलास ना?" मी मुलाला विचारलं. "नाही अब्बू, मी स्प्रे कापडावर मारला आणि कापडानेच पुसलं," तो म्हणाला. मी ऐकून घेतलं नाही. "व्हिडिओ बघून कोणी मेकॅनिक होत नाही," असं सगळ्यांसमोर बोलून बसलो. तो काही न बोलता आत गेला. जेवलाही नाही.

संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता गॅरेज चालवतो. छोटा स्कॅनर घेऊन आला, पण बॉनेट उघडण्याआधी त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, आज काय काय खोललं होतं, ते क्रमाने सांगा."

मी सांगितलं. फिल्टर, थ्रॉटल बॉडी, प्लग. पण एक गोष्ट सांगितली नाही.

तो म्हणाला, "घरी काम केल्यावर गाडी बिघडली, तर लोक लगेच नवीन पार्ट शोधायला लागतात. इंजेक्टर गेला असेल, पंप गेला असेल. पण सकाळी ठीक असलेला पंप नेमका दुपारीच कशाला जाईल? ज्याला हात लावला, आधी तेच बघायचं." मला वर्गातली उत्तरपत्रिका आठवली. गणिताचं उत्तर चुकलं तर आपण पूर्ण पुस्तक बदलत नाही, चूक कुठल्या पायरीवर झाली ते शोधतो.

त्याने मुलाला बाहेर बोलावलं आणि टॉर्च त्याच्याच हातात दिला. आधी मुलाचं काम तपासलं. फिल्टर नीट बसलेला, डब्याच्या चारही क्लिपा लागलेल्या, हवेच्या पाइपाचा क्लॅम्प घट्ट, सेन्सरचा सॉकेट टक् आवाज येईपर्यंत बसलेला. खोट काढायला जागा नव्हती.

मग त्याने डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. स्कॅनर एवढंच सांगतो, का पेटत नाही ते सांगत नाही. ते शोधण्याची रीत मात्र साधी आहे. इंजिन बंद करून त्याने दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली, कोड पुसला आणि इंजिन सुरू केलं. कोड पुन्हा ०३०२ च आला, म्हणजे कॉइल चांगली. मग इंजिन निवू दिलं आणि तशीच अदलाबदल प्लगची केली. या वेळी कोड आला पी ०३०३. बिघाड प्लगबरोबर सरकला होता.

प्लग बाहेर काढून मुलाने टॉर्च धरला. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी बारीक काळी रेघ होती. तडा! ठिणगी प्लगच्या टोकाला पडायची, ती या तड्यातून बाजूलाच निसटत होती.

आता न सांगितलेली गोष्ट सांगावीच लागली. सकाळी तो प्लग माझ्या हातून फरशीवर पडला होता. मी उचलला, पुसला आणि बसवला. कोणी पाहिलं नव्हतं, आणि दिसायला तर चांगलाच होता. पडलेला प्लग वापरू नये, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. नव्या प्लगचे पैसे वाचवायचे होते, इतकंच.

रविवारी संध्याकाळी दुकान बंद होतं. पण जुने प्लग मी टाकले नव्हते. त्यातला एक साफ करून त्या जागी बसवला आणि इंजिन पूर्वीसारखं चालू लागलं.

वाचकांपैकी बरेच जण आता घरी गाडीची छोटी-मोठी कामं करतात. करावीतही. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा.

एका वेळी एकच काम करा आणि प्रत्येक कामानंतर इंजिन सुरू करून पाहा. आम्ही तीन कामं एकदम केली, म्हणून दोष कोणाचा यावरून भांडण झालं. खोलण्याआधी मोबाईलने फोटो काढा. जुने पार्ट गाडी नीट चालेपर्यंत जपून ठेवा.

प्लग थंड इंजिनवरच बदला. नवा प्लग आधी हातानेच फिरवून बसवा, म्हणजे आटे मरणार नाहीत. किती आवळायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

लक्षणावरून अंदाज बांधता येतो. इंजिन थरथरत असेल तर प्लग, कॉइल आणि त्यांचे सॉकेट पाहा. इंजिनचा वेग जागच्या जागी वर-खाली होत असेल किंवा सूं असा आवाज येत असेल, तर हवेचा एखादा पाइप सुटलेला किंवा सैल असू शकतो. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर वेग थोडा वेळ चढा राहू शकतो. गाडीचा संगणक नव्याने जुळवून घेत असतो. काही गाड्यांत ते स्कॅनरने करून घ्यावं लागतं.

इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथे पेटतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. तो पार्ट प्लगच्या कित्येक पट महाग असतो. पेट्रोलचा वास आला तर इंजिन लगेच बंद करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीच करू नका, त्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो. आणि ब्रेक, पेट्रोलची लाइन, एअरबॅग ही कामं जाणकारावर सोपवा.

स्कॅनर विकत मिळतो, पाने मिळतात, व्हिडिओ फुकट मिळतात. पण माझ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न होता काय काय केलं ते सांगा, आणि त्याचं खरं उत्तर मी दिलं असतं तर दोन तास वाचले असते. मुलाचं मनही दुखावलं नसतं.

त्या रात्री जेवताना मी मुलाची माफी मागितली. त्याच्यावर ओरडलो होतो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. तो काही बोलला नाही, नुसता हसला आणि भाकरी वाढून घेतली. अम्मी म्हणाली, "प्लगचं मला कळत नाही, पण उद्या मला वेळेवर पोचवा म्हणजे झालं."

सकाळी आम्ही वेळेत मिरजेला पोचलो. परतताना नवा प्लग घेतला. या वेळी तो मुलाने बसवला, मी टॉर्च धरला.