औट्रम घाट आणि ओक्लाहोमा

मुलगा अमेरिकेत डॅलसला असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. चला, तुम्हाला काउबॉय दाखवतो." सून, नात आणि आम्ही दोघे गाडीने ओक्लाहोमा सिटीला गेलो. दिवसभरात दोन संग्रहालये पाहिली. इकडे पडेगावला परतल्यावर आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हे सांगितले, तर एक स्नेही म्हणाले, "बघा, ते लोक इतिहास कसा जपतात! नाहीतर आपण!" या वाक्याशी माझे भांडण आहे, म्हणून हा लेख.

पहिले संग्रहालय नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियम, १९६५ साली उघडलेले. खोगिरे, बंदुका, हुबेहूब उभारलेले जुने गाव, रेमिंग्टन आणि रसेल यांची चित्रे. सगळे चकचकीत. तिथे जेम्स अर्ल फ्रेझर यांचा एक प्रचंड पुतळा आहे. दमलेला घोडा, त्यावर मान टाकलेला इंडियन, भाला खाली झुकलेला. नाव 'एंड ऑफ द ट्रेल', म्हणजे वाट संपली! १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी तो केला होता. नातीने विचारले, "आजोबा, हा मेला का?" मी म्हटले, "नाही गं, दमलाय." पण पुतळा सांगतो ते तिलाच बरोबर कळले होते. हे लोक संपले, आता हळहळा आणि पुढच्या दालनात जा.

दुपारी त्याच शहरातले दुसरे संग्रहालय पाहिले. फर्स्ट अमेरिकन्स म्युझियम, २०२१ साली सुरू झालेले. ओक्लाहोमात आज ३९ मूळनिवासी राष्ट्रे नांदतात आणि इथे तीच आपली कथा स्वतः सांगतात. १८३० च्या कायद्याने त्यांच्यातल्या कित्येकांना पूर्वेकडच्या घरांतून हुसकून इकडे आणले. मग २२ एप्रिल १८८९ रोजी भर दुपारी इशारा झाला आणि हजारो गोरे लोक याच मुलखातल्या जमिनी बळकावायला घोडे दामटत सुटले. सकाळी ज्याला 'सरहद्द' म्हणत होते, ते दुपारी कोणाचे तरी घर निघाले. वाट संपलेली नव्हतीच!

तेव्हा स्नेह्यांना माझे सांगणे असे, की हेवा करायचा तर पहिल्या संग्रहालयाच्या चकचकीत फरशीचा करू नका. हेवा करा तो दुसऱ्याचा. हरलेल्याला स्वतःच्या तोंडाने बोलता आले, त्याचा.

आणि आपले काय? माझ्या घराजवळून धुळ्याचा रस्ता जातो. दौलताबाद, वेरूळ, कन्नड, आणि पुढे चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट. या घाटातून शेकडो वेळा गेलेल्या माणसांना मी विचारले, औट्रम कोण? एकालाही सांगता आले नाही. जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी. इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला आणि १८२५ साली औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी करून भिल्लांना वठणीवर आणले. हे भिल्ल कोण? पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातल्या वाटा आणि गावे राखणारे, त्याबद्दल हक्काचा वाटा घेणारे. धामधुमीत तो हक्क बुडाला, आणि राखणदाराला लुटारू हे नाव पडले. त्यांनी मुकाट्याने मान टाकली असेही नाही. १८५८ साली खाज्या नाईक सातपुड्यात आंबापाणीला इंग्रजांशी लढला. आपली सरहद्द अशी दाराशी आहे, ती बघायला ओक्लाहोमाला जायला नको.

दोष दुसऱ्याला देण्याआधी स्वतःचा सांगतो. एका वर्षी माझ्या वर्गात कन्नडच्या डोंगराकडला एक भिल्ल मुलगा होता. मी फळ्यावर लिहिले, 'भिल्लांचा बंदोबस्त'. सारा वर्ग त्याच्याकडे वळून हसला. मी हसणाऱ्यांना दटावले, आणि तो शब्द न पुसता धडा पुढे नेला. त्या मुलाला मी वर्गात असा पुतळा करून बसवला होता, मान खाली घातलेला. हे समजायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

कोणी म्हणेल, मास्तर, जुने कशाला उकरता? अहो, जुने कुठे? १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या, तो १९५२ साली रद्द झाला. तेव्हा मी जन्मलो होतो! त्या जगण्याची हकिगत आपल्याच मराठवाड्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'त स्वतःच्या शब्दांत लिहिली. १९८७ चे पुस्तक. आपल्यातल्या किती जणांनी वाचले?

घाटाचे नाव बदला असे मी म्हणत नाही. नाव पुसले की प्रश्नही पुसला जातो. मागणे एवढेच, की घाटाच्या तोंडाशी एक फलक असावा, औट्रम कोण आणि त्याच्या आधी ही वाट कोण राखत होते ते सांगणारा. आणि त्यावरचा मजकूर माझ्यासारख्या मास्तराने लिहू नये. त्या डोंगरातल्या माणसांनी लिहावा. शुद्धलेखन तपासायला हवे तर मी येईन, तेही त्यांनी बोलावले तर.